आपल्या बाजूचा प्रेक्षक: कॉलेजनिष्ठा आणि समत्वाचा प्रश्न

आंतरमहाविद्यालयीन सामन्याला जाणारा निष्ठावान प्रेक्षक एकाच वेळी दोन गोष्टी करतो. तो खेळ पाहतो आणि एका बाजूचा होतो. पहिल्या गोष्टीबद्दल धर्मविचाराची तक्रार नाही, दुसरीबद्दल आहे. राग आणि द्वेष, म्हणजे एकाची ओढ आणि दुसऱ्याचा तिटकारा, यांना बौद्ध, जैन आणि वेदान्ती अशा सगळ्याच परंपरांनी बंधनाच्या मुळाशी ठेवले आहे. कट्टर प्रतिस्पर्धी कॉलेजाशी सामना असतो तेव्हा प्रेक्षक नेमक्या याच दोन गोष्टी घसा बसेपर्यंत आणि चारचौघांत करतो. ही निष्ठा भक्तीच्या जातीची मानायची की आसक्तीच्या, असा हा प्रश्न आहे.

वाघोलीत तो पुस्तकी राहत नाही. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचे हे गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले, पण कॉलेजांचे गाव ते त्याआधीच झाले होते. वाघेश्वराचे मंदिर आणि पेशवाईतले सरदार पिलाजी जाधवराव ही गावाची जुनी ओळख. रायसोनी, जेएसपीएम, मोझे यांची अभियांत्रिकी महाविद्यालये आणि भारतीय जैन संघटनेचे शैक्षणिक संकुल ही नवी. येथे शिकणारी बरीच मुले मराठवाडा, खानदेश, विदर्भ किंवा परराज्यांतून आलेली असतात. त्यांचे कॉलेज त्यांनी पूर्णपणे निवडलेले नसते. सीईटीचे पर्सेंटाइल, कॅप राउंडची पसंतीयादी आणि फीचा हिशेब यांतून ते त्यांच्या वाट्याला आलेले असते. यादीतला एक क्रमांक वरखाली झाला असता तर हाच मुलगा शेजारच्या फाटकातून आत गेला असता. तरीही काही महिन्यांत तो बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला उभा राहून त्याच शेजारच्या कॉलेजाविरुद्ध ओरडत असतो, आणि त्या ओरडण्यात खोटे काहीही नसते. योगायोगाने मिळालेल्या बाजूवर इतकी खरी निष्ठा कशी बसते, हे आधी समजून घ्यावे लागते.

बास्केटबॉल या खेळाचा जन्मच धार्मिक हेतूतून झालेला आहे. त्याचा जनक जेम्स नेस्मिथ हा मूळचा कॅनडाचा. माँट्रियलमध्ये त्याने ख्रिस्ती धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले होते. प्रवचनाइतकाच खेळही माणूस घडवतो, या विश्वासाने तो अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत आला आणि 1891 च्या डिसेंबरात त्याने 13 नियमांचा हा खेळ बसवला. चेंडू घेऊन पळायचे नाही, खांदा मारायचा नाही, धरायचे नाही, ढकलायचे नाही. टोपली डोक्याच्या वर टांगलेली, म्हणजे नुसत्या जोराचा उपयोग नाही. नेम आणि हलका हात हवा. धसमुसळेपणावर संयमाने मात करणे ही या खेळाची मूळ कल्पना होती, आणि तिच्यात प्रेक्षकाला जागा नव्हती. खेळणाऱ्याच्या चारित्र्यासाठी खेळ होता. पाहणाऱ्याचे काय होते, याचा विचार नियमांत कुठेच नव्हता.

प्रेक्षक मागून आला आणि अमेरिकी विद्यापीठांत त्याने खेळाचा ताबा घेतला. नेस्मिथ 1898 मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला. त्याच कॅन्ससचे शेजारच्या मिझुरीशी असलेले वैर पुढे यादवी युद्धाच्या काळातल्या सीमेवरील रक्तपाताच्या आठवणींवर पोसले गेले. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन विद्यापीठे एकमेकांपासून जेमतेम 16 किलोमीटरवर आहेत. त्यांच्यातल्या सामन्याला जागा मिळावी म्हणून ड्यूकचे विद्यार्थी ऐन हिवाळ्यात तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. ठरलेले ठिकाण, ठरलेले दिवस, ठरलेले घोष, अंगावर ठरलेला रंग, आणि सोसण्यात मानलेले पुण्य: बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे व्रतासारखे दिसते.

भारतातही हा खेळ धर्मसंस्थांच्या हातूनच पसरला. हॅरी बक यांनी 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, आणि तिथे तयार झालेल्या शिक्षकांनी तो शाळाकॉलेजांत नेला. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनने 1920 च्या दशकात सेवाकेंद्र उघडले. पुढे याच दाटीवाटीच्या, बहुसंख्य मुस्लिम वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की तिथून देशाला अब्बास मुंतासिर यांच्यासारखा कर्णधार मिळाला. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांचा. मिशनचा हेतू, मुस्लिम मोहल्ला आणि भारतीय संघ ही साखळी पाहिली की खेळाचा धर्म त्याच्या जनकाच्या धर्माशी बांधलेला राहत नाही, हे उघड होते.

पुण्यात विद्यापीठाची रचनाच बाजू तयार करते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या महाविद्यालयांचे संघ आधी आपापल्या विभागात भिडतात. मग पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक हे विभाग एकमेकांशी खेळतात, आणि शेवटी विद्यापीठाचा एकच संघ निवडून आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. म्हणजे या महिन्यात ज्याच्या चुकलेल्या फ्री थ्रोवर टाळ्या पडल्या, तोच पुढच्या महिन्यात ‘आपला’ असू शकतो. बाजू ही खरी असूनही तात्पुरती आहे, हे या रचनेतच लिहिलेले आहे. अमेरिकेसारखी हजारोंची गर्दी या सामन्यांना नसते. वर्गमित्र, वसतिगृहातले सोबती, गेल्या वर्षीचे खेळाडू असा शेपन्नास जणांचा घोळका असतो. म्हणूनच तिथला प्रेक्षक निनावी नसतो. तो ज्याच्यासाठी ओरडतो, त्याच्याबरोबर त्याने सकाळी मेसमध्ये पोहे खाल्लेले असतात.

कॉलेजनिष्ठेचे सर्वांत तीव्र पुणेरी रूप मात्र खेळात नाही, नाटकात आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत भरत नाट्य मंदिराचे सभागृह कॉलेजांच्या घोषणांनी दणाणते. ‘आवाज कुणाचा’ हा प्रश्न एक जण विचारतो आणि सगळे मिळून कॉलेजाचे नाव घेतात. पण तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले की ओरडणारे गप्प होतात. प्रतिस्पर्धी कॉलेजाची एकांकिका असली तरी पुढचा तासभर तिच्याकडे पाहायचे असते. बास्केटबॉलला अशी घंटा नाही. या फरकाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम याने 1912 च्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात असे मांडले की माणसे एकत्र जमून एका तालात बोलू-हलू लागली की त्यांना स्वतःहून मोठ्या शक्तीचा अनुभव येतो. ती शक्ती मग ते ध्वजावर, प्राण्यावर, देवावर बसवतात; प्रत्यक्षात ती त्यांच्या समूहाचीच असते. कॅप राउंडने मिळालेल्या कॉलेजावर निष्ठा कशी बसते, याचे बरेचसे उत्तर इथे मिळते. निष्ठा आधी आणि घोष नंतर, असा क्रम नसतो. घोष करता करता निष्ठा तयार होते. गाव सोडून आलेला, कुणाला न ओळखणारा मुलगा पहिल्यांदा ‘आपण’ हा शब्द कॉलेजासाठी वापरतो, तो बहुधा अशाच एखाद्या सामन्यात. दुर्खाइमचे विवेचन इथवर पटते. पण समूह वाईट कामासाठीही असाच उसळतो, आणि उसळणे चांगले की वाईट हे ठरवण्याचे माप त्याच्याकडे नाही. ते माप दुसरीकडे शोधावे लागते.

गीतेची सुरुवात एका पक्षपाती श्रोत्याच्या प्रश्नाने होते, याकडे या संदर्भात पुरेसे लक्ष दिले जात नाही. धृतराष्ट्र विचारतो, तेव्हा एकाच कुळाच्या मुलांची तो ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ अशी वाटणी करून टाकतो. वाघोलीवरून पुढे जाणाऱ्या याच रस्त्याच्या पट्ट्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी या श्लोकाचा अर्थ सांगताना तो प्रश्न पुत्रस्नेहाच्या मोहातून आल्याचे सुरुवातीलाच नोंदवले. धृतराष्ट्राला युद्ध समजून घ्यायचे नाही, आपल्या मुलांचे काय झाले एवढेच त्याला हवे आहे. त्याच्या शेजारी बसलेला संजय त्याच दरबारचा माणूस, त्याचेच मीठ खाणारा. पण तो दोन्ही सैन्ये पाहतो, आणि शेवटी विजय कुणाकडे आहे हे आपल्या राजाच्या तोंडावर सांगतो. प्रेक्षकाची दोन टोके ही अशी एका दालनात बसलेली आहेत.

याच ग्रंथातला निष्काम कर्माचा उपदेश मात्र प्रेक्षकाला सरळ लागू होत नाही. तो कर्त्यासाठी आहे. कोर्टावरच्या मुलीला सांगता येते की गुणफलकाकडे बघू नकोस, समोरचा पास नीट दे. तिच्या हातात कर्म आहे, त्यामुळे फळावरून नजर हटवली तरी तिच्याजवळ काही उरते. कडेला उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीच्या हातात पासही नाही आणि शॉटही नाही. तिच्या वाट्याला केवळ फळ आले आहे. फळाची आशा सोड असे तिला सांगितले, तर मग तिने तिथे यायचे कशासाठी? समत्वाचा उपदेश प्रेक्षकाच्या बाबतीत इथे अडतो, आणि ही अडचण खरी आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने प्रेक्षकाला एक वाट दाखवली होती. अभिनवगुप्त आणि त्यांच्यामागून मम्मट यांच्या मते रसाच्या अनुभवात भाव हा माझा, शत्रूचा किंवा तिऱ्हाइताचा असा कुणाचाच उरत नाही. तो सर्वांचा होतो, आणि म्हणून दुःखाचा प्रसंग पाहतानाही आनंद होतो. या कसोटीवर बास्केटबॉलचा निष्ठावान प्रेक्षक नापास होतो. त्याचा सगळा भाव ‘माझा’ आणि ‘शत्रूचा’ याच भेदावर उभा आहे. तो भेद गेला तर छातीतली धडधडही जाते. पण तटस्थाला खेळ अधिक चांगला दिसतो, असे यावरून म्हणता येत नाही. आपल्या संघाची कर्णधार डाव्या हाताने कमी ड्रिबल करते, घोटा दुखावल्यानंतर ती उजवीकडून कमी उडी घेते, शेवटच्या मिनिटात ती शॉट स्वतः न घेता पास देते, हे निष्ठावानालाच माहीत असते. प्रेमाने त्याची नजर तीक्ष्ण केलेली असते. ती केवळ एकाच बाजूला तीक्ष्ण असते, हा तिचा दोष. दुसऱ्या संघाने सुरेख रिबाउंड घेऊन पलीकडे धावत बास्केट केली, तर त्याला फक्त गमावलेले दोन गुण दिसतात.

नाट्यगृहातली तिसरी घंटा हा दोष काही काळ दूर करते. घोषणा देणारा त्या घंटेनंतर सहृदय होऊ शकतो, कारण शांतता सक्तीची आहे. बास्केटबॉलमध्ये सर्वांत अवघड क्षणीच उलटे घडते. फ्री थ्रो घेणारा खेळाडू फलकापासून 4.6 मीटरवर एकटा उभा असतो, कुणी त्याला अडवायचे नसते, आणि नेमका तेव्हा प्रतिस्पर्धी प्रेक्षक सर्वांत मोठ्याने ओरडतो. हे धर्माला धरून आहे का? खेळाने ते चालवून घेतले आहे. आवाज दोन्ही बाजूंना सारखाच सोसावा लागतो आणि तो सोसणे कौशल्याचा भाग मानला जातो, एवढे त्याचे समर्थन करता येते. पण त्या समर्थनाची हद्द लहान आहे. आवाज नुसता आवाज असेपर्यंत तो खेळातला आहे. त्यात खेळाडूची जात, रंग, गाव, आईबहीण किंवा मुलींच्या सामन्यात तिचे शरीर आले की तो खेळाबाहेर गेला. मग तो फ्री थ्रोवर केलेला हल्ला राहत नाही, माणसावर केलेला होतो. ही रेषा धूसर असल्याचा दावा नेहमी तीच माणसे करतात, ज्यांना ती ओलांडायची असते.

बाजू कशावर आधारलेली आहे, हाही प्रश्न आहे, आणि महाराष्ट्र त्याचे उत्तर फार मोठी किंमत देऊन शिकला. मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यातले क्रिकेट सामने 1907 मध्ये हिंदू आल्यावर तिरंगी झाले, 1912 मध्ये मुस्लिम आल्यावर चौरंगी, आणि 1937 मध्ये ‘द रेस्ट’ हा संघ आल्यावर पंचरंगी. ज्यांना चौघांत जागा नव्हती ते ख्रिस्ती, ज्यू आणि इतर लोक या शेवटच्या संघात. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे त्याच संघातून खेळले, आणि 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या दुसऱ्या डावातल्या 387 धावांपैकी 309 त्यांनी एकट्याने केल्या. त्याआधी हिंदूंच्या बाजूलाही आत एक भिंत होती. पुण्यात घडलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू हे हिंदूंचे सर्वांत मोठे अस्त्र, पण दलित असल्यामुळे त्यांना मैदानाबाहेरचा चहा वेगळ्या भांड्यात दिला जाई, आणि कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

डिसेंबर 1940 मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांनी या सामन्यांविरुद्ध कौल दिला. कॉलेजांमधले आणि संस्थांमधले सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी हे आपल्याला कधी कळले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ही स्पर्धा 1946 नंतर बंद पडली. गांधीजींनी कॉलेजांना दिलेली सूट त्यांनी फार उलगडून सांगितली नाही, पण तिच्यामागे विचार आहे. कॉलेजाच्या बाजूत हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध एकाच ‘आपण’मध्ये येतात. ती बाजू जन्माने चिकटत नाही आणि चार वर्षांनी सुटते. पुढच्या वर्षी प्रवेश घेणारा कुणीही तिच्यात येऊ शकतो. वर ज्या योगायोगाची अडचण वाटली होती, तोच योगायोग इथे तिची सुरक्षितता ठरतो: आपण पलीकडच्या फाटकातूनही आत गेलो असतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते. जन्माच्या बाजूबद्दल माणूस असे सहसा मनात आणत नाही.

हार्वर्डचे तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी 1908 च्या आपल्या पुस्तकात निष्ठेचा पाया याच दिशेने घातला. निष्ठा ही मोठी गोष्ट आहे, पण माझी निष्ठा दुसऱ्याची निष्ठा नष्ट करत असेल तर ती स्वतःच्याच मुळावर येते. म्हणून खरी निष्ठा ही निष्ठेवरच असावी, असे त्यांचे म्हणणे. सामन्याच्या भाषेत, पलीकडे ओरडणारा मुलगाही आपल्यासारखाच कुणाचा तरी आहे, हे ओळखणे. भागवताच्या सातव्या स्कंधात याहून धाडसी विचार येतो. आयुष्यभर कृष्णाला शिव्या देणारा शिशुपाल कृष्णातच कसा विलीन झाला, असे युधिष्ठिर नारदांना विचारतो, आणि उत्तर मिळते की वैरानेही अखंड चिंतन घडते. ज्या कॉलेजाशी वैर, त्याचे खेळाडू, त्याचा प्रशिक्षक, त्याच्या जुन्या विजयांच्या तारखा निष्ठावानाला आपल्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ असतात. ते कॉलेज उद्या स्पर्धेतून बाहेर पडले तर सर्वांत मोठे नुकसान त्याचेच. हा द्वेष पोसायला प्रतिस्पर्धी जिवंत आणि तगडा लागतो. ज्याला प्रतिस्पर्धी नाहीसाच व्हायला हवा असतो, त्याच्या द्वेषाची जात निराळी.

निष्ठा आणि आसक्ती यांतला फरक तपासण्याची एक चांगली जागा पुरुषोत्तम करंडकाने 2022 मध्ये दाखवली. त्या वर्षी परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवून तो कुणालाच दिला नाही. त्यावर वादळ उठले, पण निर्णय रास्त होता, कारण करंडकाला कॉलेजांपेक्षा वेगळे एक माप आहे, हे त्याने जाहीर केले. निष्ठावानाची सगळी धडपडही त्याच मापावर अवलंबून असते. रेफरीच्या उघड चुकीने, वेळ संपल्यावर सुटलेल्या शॉटचे गुण मिळून आपला संघ जिंकला, तर निष्ठावान आनंदाने नाचेल. पण रात्री वसतिगृहात त्या आनंदात काही खुपत असेल, तर त्याची निष्ठा संघाबरोबर खेळावरही आहे. काहीच खुपत नसेल, तर ती धृतराष्ट्राच्या प्रश्नाजवळ आहे.

राहिला प्रार्थनेचा प्रश्न. वाघेश्वरापुढे दोन्ही कॉलेजांची मुले नारळ फोडू शकतात, आणि देव दोघांचेही मागणे एकाच वेळी पुरवू शकत नाही. गीतेत भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. विजय मागणारा अर्थार्थी ठरतो. गीता त्याला हाकलत नाही, चौघांनाही ती उदार म्हणते. पण वरची जागा ज्ञान्याला देते. अर्थार्थी प्रेक्षकाच्या मागण्यातही पायऱ्या आहेत. समोरच्या खेळाडूचा पाय मुरगळो, हे मागणे प्रार्थना या नावाला पात्र नाही. आपण जिंको, हे माणसाचे साधे मागणे आहे. आपली मुले आज त्यांच्या ताकदीइतके खेळोत, हे मागणे दोन्ही बाजूंनी एकाच देवाकडे केले तरी ते दोघांनाही मिळू शकते.

भक्तीच्या सर्वांत जवळ बहुधा तो प्रेक्षक येतो, ज्याचा संघ नेहमी हरतो. दर वर्षी विभागाच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडणारी कॉलेजे असतात, आणि त्यांच्या कोर्टाच्या कडेलाही पाचदहा जण उभे असतात. त्यांना फळ मिळणार नाही, हे त्यांना येण्याआधीच माहीत असते. कर्म त्यांच्या हातात नाही आणि फळ त्यांच्या वाट्याला नाही. तरी ते तास बुडवून येतात, चौथ्या क्वार्टरमध्ये तीस गुणांनी मागे असताना टाळ्या वाजवतात, आणि बदली खेळाडूने शेवटच्या मिनिटात केलेल्या एकुलत्या बास्केटवर जिंकल्यासारखे ओरडतात. फळाची आशा सोडली तर प्रेक्षकाने यायचे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या येण्यात आहे. खेळणाऱ्याला एकटे सोडायचे नाही, एवढेच त्यांचे कर्म असते, आणि ते त्यांच्या हातात असते.